वीजजोड नसलेल्या शेतातल्या घरात राहायचंय? सोलापूरकडे आधी पाण्याचा हिशेब मांडा

गावापासून दोन-तीन किलोमीटर आत, महावितरणचा खांब पोहोचलेला नाही अशा जागी घर करून राहायचं ठरवलेला माणूस पहिल्यांदा सोलरचंच विचारतो. किती वॉटचं पॅनेल, कुठली बॅटरी, किती खर्च. सोलापूर जिल्ह्यात याचं उत्तर सोपं आहे, कारण ऊन आपल्याकडे मुबलक आहे. अडतं ते पाण्यापाशी. जिल्हा पर्जन्यछायेत येतो. वर्षाचा पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. जूनमध्ये चार सरी येतात, जुलै-ऑगस्ट कोरडा जातो आणि खरा पाऊस सप्टेंबरात पडतो. म्हणून या लेखात पाण्याला सगळ्यात जास्त जागा दिली आहे. तुमच्या पैशातही पहिला वाटा पाण्याचाच ठेवा, हे मी आग्रहाने सांगतो.

जागा मे महिन्यात बघा

दिवाळीच्या सुमारास माळ हिरवा असतो, ज्वारी वर आलेली असते, ओढ्याला पाणी असतं. त्या दिवसांत कुठलीही जमीन आवडते. मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, दुपारी बारानंतर जा. पारा 43-44 अंशांवर असतो. शेजारच्या विहिरींत डोकावून पाणी कुठवर आहे बघा. आसपासच्या वस्तीवरच्या बायकांना विचारा, उन्हाळ्यात पाणी कुठून आणता आणि टँकर लागतो का. जमीन विकणाऱ्यापेक्षा त्यांचं उत्तर जास्त खरं असतं, कारण घागर त्यांनाच वाहावी लागते.

मग त्याच जागी जोराच्या पावसानंतर पुन्हा जा. काळ्या रानातून जाणारा कच्चा रस्ता ओला झाला की मोटारसायकलच्या मडगार्डमध्ये चिखल गच्च बसतो आणि चाक फिरतच नाही. पावसाळ्यात मुख्य रस्त्यापर्यंत चालत किती वेळ लागतो, हे त्याच दिवशी मोजून ठेवा. दुखणंखुपणं आलं तर तेच अंतर तोडायचं असतं.

जिल्ह्यात एका तालुक्याचं पाणी दुसऱ्यासारखं नाही. भीमेच्या काठाला आणि उजनीच्या कालव्यांखाली पाण्याचं आवर्तन सुटलं की आसपासच्या विहिरींची पातळी वर येते. तेच सांगोला, मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडची गावं किंवा अक्कलकोट, बार्शीचा माळ घेतला तर चित्र वेगळं दिसतं. कालव्याजवळची जमीन महाग पडते. पण टँकर आणि बोअरचा खर्च त्यात मिळवून बघा, फरक वाटतो तेवढा राहत नाही.

कागद

शेतजमीन घ्यायला महाराष्ट्रात तुम्ही मुळात शेतकरी असावं लागतं. 1948 च्या कूळ कायद्याचं कलम 63 हेच सांगतं. नावावर सातबारा नसेल तर तीन वाटा उरतात: बिनशेती प्लॉट, कुणाच्या शेतातलं घर रीतसर भाडेकराराने घेणं, किंवा घरच्या वडिलोपार्जित जमिनीत राहणं. नवख्याने निदान एक उन्हाळा भाड्याने राहून बघावं असं माझं स्पष्ट मत आहे.

घेणारच असाल तर सातबारा, आठ-अ, जुने फेरफार आणि गावनकाशा काढा. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2, म्हणजे विकायला सरकारी परवानगी लागणारी जमीन, असं आहे का ते डोळ्यांत तेल घालून वाचा. देवस्थान इनामाच्या आणि उजनीच्या धरणग्रस्तांना पुनर्वसनात मिळालेल्या जमिनी परवानगीशिवाय विकता येत नाहीत. तुकडेबंदीचंही बघा, म्हणजे किमान क्षेत्रापेक्षा लहान तुकडा घेता येत नाही. 2023 मध्ये जिरायतीसाठी 20 गुंठे आणि बागायतीसाठी 10 गुंठे हे किमान क्षेत्र ठरलं. त्यानंतरही नियमांत बदल झाले आहेत, तेव्हा दुय्यम निबंधकाकडे विचारल्याशिवाय इसार देऊ नका. उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा या पट्ट्यात माळढोक अभयारण्याची हद्द कुठून जाते तेही वनविभागाकडून समजून घ्या. हे अभयारण्य 1979 पासूनचं आहे, आणि त्या हद्दीत बांधकामाला बंधनं येतात.

सगळ्यात जास्त भांडणं वाटेवरून होतात. "आमच्या बांधावरून जावा की, कोण अडवतंय" हे तोंडी आश्वासन मालक बदलला की संपतं. नकाशावर पाणंद आहे का ते बघा. नसेल तर खरेदीखतातच वाटेचा उल्लेख करून घ्या. 1966 च्या जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली बांधावरून रस्ता मागायला तहसीलदारांकडे जाता येतं, पण त्यात महिने जातात आणि शेजाऱ्याशी कायमचं वाकडं येतं. घर बांधायच्या परवानगीचंही तहसील आणि ग्रामपंचायत दोन्हीकडे आधीच विचारून ठेवा.

पाणी

माणशी दिवसाला 50 लिटर धरा. पिणं, स्वयंपाक, आंघोळ, भांडी, धुणं, शौचालय हे सगळं काटकसरीने त्यात बसतं. दोघांना दिवसाला 100 लिटर, म्हणजे मार्च ते जून या चार महिन्यांना 12,000 लिटर. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा.

आता छपराचं गणित बघा. 500 चौरस फूट म्हणजे साधारण 46 चौरस मीटर पत्र्यावर 550 मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला पाचवा हिस्सा वाया गेला असं धरलं, तरी 20,000 लिटर पाणी हाती लागतं. निम्म्या पावसाच्या वर्षातसुद्धा 10,000 लिटर. म्हणजे 15,000 लिटरची बंद टाकी भरून मार्चपर्यंत राखली तर बऱ्या वर्षी दोघांचा अख्खा उन्हाळा छपरावरच्या पाण्यात निघतो आणि दुष्काळी वर्षी टँकर उशिरा लागतो. एवढं साधं गणित असूनही लोक आधी बोअर मारतात.

छपराचं पाणी साठवताना पहिली सर बाहेर सोडायची. पन्हाळीतून खाली येणाऱ्या पाइपाला टाकीच्या आधी एक टी बसवा आणि त्याचं एक तोंड बुचाने बंद करा. पाऊस सुरू झाला की बूच काढायचं आणि उभं राहून बघायचं. पहिलं पाणी तपकिरी येतं. त्यात धूळ, पाखरांची विष्ठा, लिंबाचा पाला असतो. दहा-पंधरा मिनिटांत रंग उतरतो. ओंजळीत घेतल्यावर तळहाताच्या रेषा स्वच्छ दिसायला लागल्या की बूच लावायचं. पाणी मग टाकीकडे वळतं. टाकीच्या तोंडावर बारीक जाळी हवीच, नाहीतर डासांची पैदास होते. टाकीत उजेड शिरला तर शेवाळ धरतं, म्हणून टाकी जमिनीखाली किंवा पूर्ण झाकलेली असावी. प्यायचं पाणी उकळून किंवा क्लोरीन टाकूनच घ्या.

बोअरचं काय? आपल्याकडे खाली बेसाल्ट आहे. पाणी राहतं ते वरच्या मुरमात, झिजलेल्या मांजऱ्या खडकात आणि खालच्या काळ्या पाषाणातल्या भेगांत. भेग लागली तर पाणी, नाही लागली तर पाचशे फुटांवरही नुसता धुरळा. पाणाड्याने नारळ हातावर उभा करून दाखवलेल्या जागेवर लाखभर रुपये लावू नका. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं कार्यालय सोलापुरात आहे, तिथे विचारा, किंवा विद्युत रोध चाचणी करणारा भूवैज्ञानिक बोलवा. त्यानेही हमी मिळत नाही, पण कोरडी जागा टळण्याची शक्यता वाढते. गावाच्या सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर घ्यायला परवानगी लागते, हे लक्षात ठेवा. बोअरला पाणी लागलं तर आधी तपासून घ्या. इकडच्या पाण्यात क्षार फार. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि बॅटरीत तर ते पाणी घालायचंच नाही. घरगुती आरओ घेतला तर जितकं पाणी मिळतं त्याहून जास्त वाया जातं. ते बादलीत धरून भांड्यांना आणि संडासला वापरा. प्यायला छपराचं पाणी असेल तर आरओची गरजच पडत नाही.

शेततळं असेल तर झाडांना आणि जनावरांना ठीक. उघड्या तळ्यातलं पाणी उन्हाळ्यात खाली झिरपलं नाही तरी वर उडून जातं. घरच्या पाण्यासाठी त्यावर विसंबू नका. टँकरवाल्याचा नंबर मात्र फेब्रुवारीतच घेऊन ठेवा. एप्रिलमध्ये सगळेच त्याला फोन करतात, आणि रस्ता चांगला असलेल्याकडे तो आधी जातो.

घर

काळ्या मातीवर पाया घालू नका. ती उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात फुगते. भिंत वर्षभरात तडकते. पाया मुरमापर्यंत न्यायचा, मग तो चार फुटांवर लागो की सात. निवड असेल तर घर शेताच्या बरड, मुरमाड कोपऱ्यात बांधा. काळं रान पिकाला राहील आणि पायाचा खर्चही वाचेल.

आपल्याकडची जुनी माळवदाची घरं बघा. दीड-दोन हात जाडीच्या भिंती, वर लाकूड आणि पांढऱ्या मातीचा थर, खिडक्या लहान. दुपारी आत शिरलं की उन्हाचा तडाखा दारातच राहतो. आज तसं घर बांधायला कारागीर सहज मिळत नाही आणि दर पावसाळ्याआधी वर माती टाकावी लागते. पण त्यातली अक्कल घेता येते: पश्चिमेकडे खिडकी नको, पश्चिमेची भिंत जाड, दक्षिण-पश्चिमेला पडवी, आणि शक्य असेल तिथे लिंबाची सावली. पावसाचं पाणी धरायला पत्रा उत्तम, उन्हाला मात्र तो वैरी. म्हणून पत्र्याखाली फूटभर जागा सोडून छत करा आणि ती जागा दोन्ही टोकांना जाळी लावून वाऱ्याला मोकळी ठेवा. मार्चमध्ये पत्र्याला वरून पांढरा रंग द्या. पिण्याचं पाणी त्याच पत्र्यावरून येणार आहे, तेव्हा रंग त्या कामाला चालणारा आहे का ते दुकानात विचारून घ्या. काहीजण पत्र्यावर उसाचं पाचट किंवा तुराट्या पसरतात. गारवा येतो, पण आगीची भीती राहते आणि पावसाचं पाणी गढूळ होतं.

वळवाच्या वाऱ्याला हलकं समजू नका. एप्रिल-मेमध्ये दुपारी चारनंतर आभाळ भरून येतं आणि दहा मिनिटांत पत्रे उडतात. पत्र्यावर दगड ठेवून भागत नाही. उडालेला दगड माणसाच्या डोक्यात पडतो. जे-हुक कमी अंतरावर मारा आणि कडेच्या ओळीला दुप्पट.

वीज

आधी वापर लिहा, मग दुकानात जा. चार एलईडी दिवे पाच तास म्हणजे 180 वॉट-तास. 30 वॉटचे दोन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे 14 तास म्हणजे 840. मोबाइल-लॅपटॉपला 300. पाण्याची मोटर दिवसा अर्धा तास, सुमारे 450. 1,000 वॉट-तास म्हणजे एक युनिट, तेव्हा बेरीज पावणेदोन युनिटच्या आसपास येते. पंखे साधे 75 वॉटचे घेतले तर पंख्यांचीच बेरीज 2,100 होते, म्हणून स्वस्त पंखा इथे महाग पडतो. फ्रिज घेतला तर उन्हाळ्यात रोज एक ते सव्वा युनिट आणखी.

एक किलोवॉट पॅनेल सोलापुरात दिवसाला साधारण चार युनिट देतं. ढगाळ जुलै-ऑगस्टमध्ये निम्म्यावर येतं. मेमध्ये ऊन कडक म्हणून वीज जास्त मिळेल असं वाटतं, पण पॅनेल तापलं की त्याची ताकद घटते. दुपारी पॅनेल 65 अंशांपर्यंत तापतं तेव्हा जवळजवळ 15 टक्के वीज कमी होते. म्हणून पॅनेल पत्र्याला चिकटवून बसवू नका. खाली वारा खेळायला निदान अर्धा फूट जागा सोडा. तोंड दक्षिणेला, कल 17-18 अंश. धूळ बसते ती आठवड्यातून एकदा पहाटे पुसा. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतायचं नाही.

फ्रिज नसेल तर 1 किलोवॉट पॅनेल आणि 150 एएचच्या (अँपिअर-तासांच्या) दोन ट्यूब्युलर, म्हणजे पाणी घालायच्या, बॅटऱ्या पुरतात. त्यात 3.6 युनिट साठतात, पण निम्म्याच वापरायच्या. त्याखाली गेलं की बॅटरीचं आयुष्य भराभर घटतं. लिथियम फॉस्फेट बॅटरी महाग, पण 80-90 टक्के वापरता येते आणि डिस्टिल्ड वॉटरची कटकट नाही. कुठलीही घ्या, ती घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा. पत्र्याच्या खोलीत ठेवलेली बॅटरी उन्हाळ्यातच अर्धी मरते. ट्यूब्युलर असेल तर हवा खेळती हवी आणि जवळ चूल नको, कारण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो.

एक एचपीची सबमर्सिबल सुरू होताना तिच्या नेहमीच्या वापराच्या कितीतरी पट करंट ओढते. एक केव्हीएचा इन्व्हर्टर तिथेच बसतो. एकतर 3 केव्हीएचा घ्या, नाहीतर डीसी सोलर पंप वेगळा लावा आणि दिवसा वरची टाकी भरून घ्या. शेतकरी असाल आणि आधी वीजजोड घेतलेला नसेल तर 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत 10 टक्के हिस्सा भरून पंप मिळतो. अनुसूचित जाती-जमातींना 5 टक्के. घराच्या छतासाठीची पीएम सूर्यघर सबसिडी मात्र ग्रिडला जोडलेल्या सोलरसाठी आहे, तुमच्या हिशेबात ती धरू नका.

कूलर लावायचा मोह होतो. कोरड्या हवेत तो छान चालतो, पण त्याला वीज कमी आणि पाणी फार लागतं. टाकीचा 12,000 लिटरचा हिशेब त्यात मोडतो.

अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक वाढलेला दाब अडवणारं साधन) यात पैसे वाचवू नका. वळीव येताना पॅनेलचा डीसी स्विच पाडा. फोनवर 'दामिनी' ॲप ठेवा, आसपास वीज पडण्याचा इशारा ते देतं. पॅनेल आणि केबल चोरीला जातात, तेव्हा चोरीरोधक नट वापरा आणि पॅनेल घरापासून दूर बसवू नका.

चूल, धान्य, संडास

गॅस सिलिंडर भरून आणता येतो, एक जादा ठेवा. तुराट्या-पऱ्हाट्या शेजारी मिळतात, आंघोळीच्या पाण्याला त्या बास. गोबरगॅसला घरगुती प्लँटसाठी रोज 50 किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं. चार-पाच जनावरं आणि भरपूर पाणी असेल तरच त्या वाटेला जा. फ्रिजशिवाय राहायला सोलापूरचं जेवण फार सोयीचं आहे. ज्वारी-बाजरीची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आठवडे टिकते. मालदांडी ज्वारी वर्षाची भरून ठेवा, दूध-भाजी वस्तीवरून घ्या.

संडासला दोन शोषखड्डे आलटून पालटून वापरायची पद्धत चांगली. खड्डे मुरमात घ्या, काळ्या मातीत पाणी जिरत नाही. विहीर-बोअरपासून निदान 15 मीटर लांब, आणि उताराच्या खालच्या अंगाला.

साप, विंचू, दवाखाना

नाग, घोणस, मण्यार, फुरसं, चारही विषारी जाती आपल्याकडे आहेत. मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. चावा दुखतही नाही, सकाळी पोटात कळा येतात, पापण्या जड होतात. म्हणून खाटेवरच झोपायचं आणि मच्छरदाणी गादीखाली खोचायची. लाकडं, कडबा, दगडांचा ढीग घराला लागून ठेवू नका; तिथे उंदीर येतात आणि त्यांच्या मागे साप. अंधारात बाहेर पडताना टॉर्च आणि बूट. सकाळी बूट झटकूनच पाय घाला, लाल विंचू त्यात बसतो आणि त्याचा डंख लहान मुलांच्या जिवावर बेततो.

साप चावला तर जखम कापायची नाही, दोरी आवळायची नाही, मांत्रिकाकडे तर जायचंच नाही. चावलेला अवयव हलू न देता थेट दवाखाना गाठायचा. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात प्रतिविष लस आहे का, हे राहायला जाण्याआधी स्वतः जाऊन विचारून या. मोठा आधार सोलापूरच्या सिव्हिलचा, पण तुमच्या घरापासून तिथे पोहोचायला किती वेळ लागतो ते माहीत हवं. 108 ला फोन करायला रेंज लागते. घरातल्या कुठल्या कोपऱ्यात कुठल्या कंपनीची रेंज येते ते बघून सिम घ्या. ॲम्ब्युलन्स कच्च्या रस्त्यावर येत नसेल तर माणसाला कुठल्या फाट्यापर्यंत आणायचं आणि कुणाच्या गाडीतून, हे शेजारच्या वस्तीवरच्या माणसांशी आधीच बोलून ठेवा. करमाळा-माळशिरसकडे उसात बिबट्या असतो. तिकडे राहणार असाल तर कोंबड्या-शेळ्या बंद गोठ्यात ठेवा आणि लहान मुलांना अंधारात एकटं सोडू नका.

पैसे

खालचे आकडे जमीन सोडून आणि अंदाजाने आहेत. कोटेशन घेतल्यावर थोडे वर-खाली होतील. 15,000 लिटरची जमिनीखालची टाकी आणि पन्हाळी, एक ते सव्वा लाख. तीनशे फूट बोअर, केसिंग आणि मोटर, 75-80 हजार. कोरडं गेलं तरी खोदाईचे पैसे द्यावेच लागतात. विटांच्या भिंती, पत्रा आणि खाली छत असं 400 चौरस फुटांचं साधं घर, साडेतीन-चार लाख. 1 किलोवॉट सोलर, बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर, लाखभर. फ्रिज आणि लिथियमसह 2-3 किलोवॉटला दोन-अडीच लाख. संडास-न्हाणी आणि शोषखड्डे 45 हजार. वाटेवर मुरूम आणि तारेचं कुंपण 45 हजार. सगळं मिळून साडेसात-आठ लाखांत साधी सोय होते.

वीजबिल नसलं तरी महिन्याचा खर्च फुकटात जात नाही. पेट्रोलला दोन-अडीच हजार लागतात, कारण प्रत्येक गोष्टीसाठी गावात जावं लागतं. ट्यूब्युलर बॅटऱ्या चार-पाच वर्षांनी बदलायच्या आहेत, त्यासाठी महिन्याला सहाशे रुपये वेगळे काढा. उन्हाळ्यात टँकरच्या दोन-तीन खेपा धरा.

पैसे एकदम नसतील तर क्रम असा ठेवा. पहिल्या वर्षी घर, पन्हाळी, टाकी आणि तीन-चारशे वॉटचं छोटं सोलर, ज्यावर दिवे, पंखा आणि फोन चालतील. एक पावसाळा आणि एक उन्हाळा त्यावर काढा. टाकी मेअखेर कुठवर उतरली ते बघून बोअरचं ठरवा. फ्रिज आणि मोठं सोलर त्यानंतर घ्या, तोवर रोज किती युनिट लागतात ते पॅनेल आणि बॅटरीच्या मधल्या तुमच्याच चार्ज कंट्रोलरवर दिसलेलं असेल.